मे महिन्यात उलटा प्रवास: कोकणातून मुंबईला, प्रदर्शनं बघायला

सुरंगी
एप्रिल संपत आला की आमच्या रस्त्यावर मुंबई-ठाण्याच्या नंबरप्लेटी दिसायला लागतात. पावसच्या जवळ राहतो आम्ही. घरात पाहुणे, पडवीत आंब्याच्या पेट्या, विहिरीचं पाणी तळाला, आणि प्रत्येकाला संध्याकाळी समुद्रावर जायचं असतं. यंदा मी उलटं करायचं ठरवलंय. १५ मेनंतर आंब्याची घाई जरा ओसरली की तीन दिवस मुंबईला जायचं, तेही फक्त प्रदर्शनं, संग्रहालयं आणि जमलं तर एखादं नाटक बघायला.

सोबत भाची, आता दहावीत जाईल. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांत ए ग्रेड. हात चांगला आहे, पण तिने आजवर बघितलेली सगळी मोठी चित्रं मोबाईलवरची. उतरायची सोय मुलुंडला जाऊबाईंकडे आहे. मे महिन्यात तिकडे बघण्यासारखं काही असतं का? कुठल्या दिवशी काय बंद? उकाड्यात दोघींना झेपेल असं सांगा. मॉल आणि वॉटरपार्क सुचवणाऱ्याला घरचा एकही आंबा मिळणार नाही.

हापूसखोर
मी काहीच सुचवत नाही. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

शून्य_प्रतिसाद
सगळी मुंबई कोकणात आणि कोकण मुंबईत. मग खिंडीत ट्रॅफिक कोणाचं असतं?

फास्टलोकल
दिवस नीट निवडा, बाकी सोपं आहे. एनजीएमए, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला दालन, सोमवारी बंद. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, राणीची बागही बुधवारीच. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे आपलं जुनं प्रिन्स ऑफ वेल्स, आठवडाभर उघडं असतं, फक्त २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर सोडून. महाराष्ट्र दिनाची सुट्टी साधून येणारे गेटवरून परत जातात. जहांगीर कलादालन ११ ते ७, तिकीट नाही. तिथली प्रदर्शनं मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी संपतात. सोमवारी संध्याकाळी गेलात तर चित्रं भिंतीवरून उतरून बबल रॅपमध्ये जाताना दिसतील.

तेव्हा गुरुवार-शुक्रवार-शनिवार धरा. जहांगीर, एनजीएमए आणि वस्तुसंग्रहालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. ११ ते ५ आत, ऊन उतरलं की बाहेर. मुलुंडहून सीएसएमटीला लोकलने या, ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघा. दादर बाजूने फोर्टात यायचं असेल तर मेट्रो ३ घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते, हुतात्मा चौकाला उतरलं की काळा घोडा चालत. सगळा मार्ग जमिनीखालून, एसीत.

गिरगावकर_काका
वरचं वेळापत्रक चोख आहे, पण एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे हिरमोड नको. मुंबईतला चित्रांचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. काळा घोडा महोत्सव, गॅलऱ्यांची मोठी प्रदर्शनं, आर्ट मुंबईसारखा मेळा, सगळं थंडीत. मे महिन्यात चित्रं विकत घेणारी मंडळी परदेशात किंवा थंड हवेच्या ठिकाणी असतात, त्यामुळे खासगी गॅलऱ्या आपल्याकडच्या जुन्या-नव्या चित्रांची एकत्र मांडणी करून वेळ काढतात. नवशिक्या बघणाऱ्याला मात्र हेच बरं. एकाच चित्रकाराची चाळीस चित्रं बघण्यापेक्षा वीस जणांची दोन-दोन बघायला मिळतात, आणि गर्दी नसते.

जहांगीर १९५२ चं. तिथे हॉल मिळावा म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं नंबर लावून थांबतात. आत सामोवार नावाचं छोटं उपाहारगृह होतं, १९६४ ते २०१५. लांबट, अरुंद, एका बाजूला बाग. चित्र विकलं गेलं की तिथे, नाही विकलं गेलं तरी तिथेच. हल्लीच्या मुलांना सांगून कळायचं नाही.

शून्य_प्रतिसाद
काका, मंगळवारच्या उद्घाटनाला चहा-सामोसा अजून असतो. चित्रकलेवरचं माझं प्रेम त्यातूनच वाढलं.

सडा_आणि_कातळ
थोडं विरोधात लिहितो, राग मानू नका. रत्नागिरीत राहून कला बघायला मुंबईला कशाला? कशेळीच्या सड्यावरचा हत्ती बघितलाय का तुमच्या भाचीने? जवळजवळ १८ मीटर लांब, जांभ्यात कोरलेला, त्याच्या पोटात आणखी प्राणी. उक्षी, देवाचं गोठणं, बारसू. कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. थिबा राजवाडा तुमच्या शहरात, तिथलं संग्रहालय रिकामं पडलेलं असतं. देवरुखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे. कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी आहे, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि सावंतवाडीत गंजिफा, हाताने रंगवलेले पत्ते. हे सगळं सोडून एसीत बसून कुणाचे तरी ठिपके बघायचे?

सुरंगी
@सडा_आणि_कातळ, राग नाही. कशेळी बघून झालंय, थिबा तर शाळेच्या सहलीतच. देवरुखचं राहिलंय, ते जवळच आहे, होईल. पण एक विचारते. आपण स्वतः कुठे राहता?

सडा_आणि_कातळ
दादर. पश्चिम.

हापूसखोर
🙂🙂🙂

मालवणी_मिरची
सुरंगीताय, जा गो बिनधास्त. गावात ऱ्हवतल्यान गावातलाच बघूक व्हया, ह्यो नियम दादरवाले बरो करतत.

आता मराठीत. आमच्यासारख्यांची खरी अडचण उकाडा नाही, दार आहे. मी कॉलेजला असताना मैत्रिणीबरोबर फोर्टातल्या एका खासगी गॅलरीत गेले होते. काचेचं दार, आत कुणी नाही, टेबलामागची बाई मान वर करेना. तिकीट कुठे मिळतं हेही कळेना. आम्ही दहा मिनिटं फुटपाथवर उभ्या राहून परत फिरलो. पुढे कुणीतरी सांगितलं की खासगी गॅलरीत प्रवेश फुकटच असतो, बेल वाजवायची आणि आत जायचं, विकत घ्या म्हणून कुणी मागे लागत नाही. हे कुठे लिहिलेलं नसतं. तेव्हा तुम्ही दोघी बेल वाजवा. चपलेला वाळू लागलेली असली तरी वाजवा.

तिसरीघंटा
अगदी सहमत. नाटकाला असलं काही नसतं, तिकीट काढलं की खुर्ची आपली.

मे म्हणजे बालनाट्यांचा महिना. शिवाजी मंदिर, दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, सकाळच्या प्रयोगांना पोरांचा नुसता कल्ला. भाची दहावीतली, तिला बालनाट्य नको असेल. शनिवारी दुपारचा किंवा रात्रीचा व्यावसायिक प्रयोग बघा. गडकरी रंगायतन नूतनीकरणानंतर पुन्हा सुरू झालंय आणि मुलुंडहून जवळ आहे, रात्री परत जायचा प्रश्न नाही. जुहूच्या पृथ्वी थिएटरला उन्हाळ्यात मुलांच्या कार्यशाळा असतात, पण त्या कित्येक दिवस चालतात, तीन दिवसांत हाती काही लागणार नाही. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रातल्या टाटा थिएटरमध्ये नाटक बघायला मिळालं तर सोडू नका, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत माईकशिवाय पोचतो.

फास्टलोकल
बीकेसीचं नीता मुकेश अंबानी सेंटर कुणी सुचवलं नाही अजून. २०२३ पासून चालू आहे. आत आर्ट हाऊस म्हणून चार मजल्यांचं प्रदर्शन दालन आहे.

तिसरीघंटा
तिथे मोठ्या नाटकांच्या तिकिटात आमच्याकडे आख्ख्या सोसायटीचं नाटक बघून होतं.

नाखवा
रेल्वेने येणार की गाडीने? गाडीने येत असाल तर एक रस्ता सुचवतो जो मुंबईकरांनाही सुचत नाही. वडखळला अलिबागकडे वळा. मांडव्याच्या रस्त्यावर सासवणे लागतं. तिथे शिल्पकार वि. पां. करमरकर यांचं शिल्पालय आहे, त्यांच्या राहत्या घरातच. १८९१ साली याच गावात जन्म. गावच्या देवळाच्या भिंतीवर पोरसवदा वयात काढलेलं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्डने बघितलं आणि पोरगा मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात गेला. पुण्यातला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचाच, १९२८ चा. सासवण्याला कोळीण बघा, हमाल बघा, म्हैस तर बघाच. सिमेंटमध्ये इतकं जिवंत काम होतं हे तिथे गेल्यावर पटतं. दहा बारा पावलांवरून म्हैस खरीच वाटते.

तिथून मांडवा, रो-रो बोटीत गाडी चढवायची आणि तासाभरात भाऊचा धक्का. धक्क्याहून भायखळा काय, पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे करमरकर सकाळी आणि भाऊ दाजी लाड दुपारी, एकाच दिवसात. भाऊ दाजी मूळचे पेडण्यातल्या मांद्र्याचे, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे.

शून्य_प्रतिसाद
मुंबई-गोवा हायवेने वडखळपर्यंत पोचायची तारीख कुठली धरली आहे आपण?

नाखवा
काम २०११ ला सुरू झालंय, आता झालंच.

चित्रकलामास्तर
मी सिंधुदुर्गात कलाशिक्षक. हा धागा वाचून गप्प बसवेना.

आधी ग्रेड परीक्षांबद्दल. बहुतेक मुलं इंटरमिजिएट देतात ती दहावीच्या सात गुणांसाठी. ए ला सात, बी ला पाच, सी ला तीन. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर. तुमची भाची ए ग्रेड मिळूनही चित्र बघायला जायचं म्हणतेय, हे माझ्या वर्गात दुर्मिळ आहे.

आता काय दाखवावं. कृपा करून सगळं दाखवू नका. मी पोरांना घेऊन जातो तेव्हा एक नियम असतो: एका ठिकाणी जास्तीत जास्त तीन चित्रं नीट बघायची, बाकीच्यांसमोरून चालत जायचं. फोनवर प्रत्येक चित्र हाताएवढंच असतं. भिंतीसमोर उभं राहिलं की कळतं, हे दारापेक्षा मोठं आहे आणि ते पोस्टकार्डाएवढं. कुठे रंग जाड लागलाय, कुठे कागदच पांढरा सोडलाय, ब्रश कुठे उचललाय. जलरंगात तर पांढरा म्हणजे कागद, तो प्रिंटमध्ये कधी कळत नाही. माझी मुलं पांढऱ्या रंगाची ट्यूब संपवतात आणि मग पहिल्यांदा चांगला जलरंग बघून गप्प होतात.

वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांकडे जा, डोळा कागदापासून वीतभर अंतरावर न्या. चेहरा नखाएवढा आणि त्यात पापणी. भाऊ दाजी लाडमध्ये मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत, निरनिराळ्या जाती-जमातींचे वेश, कारागीर, धंदे. इमारत १८७२ ची, तिच्यासाठीच जावं. स्केचबुक आणि पेन्सिल बरोबर ठेवा, पेन्सिलीला सहसा कुणी हरकत घेत नाही, ओले रंग मात्र काढू देत नाहीत. बसून एक बाहुली काढायला सांगा. फोटो काढले की बघणं संपतं.

@सडा_आणि_कातळ यांचा मुद्दा मला अर्धा मान्य. पिंगुळीची चित्रकथी मी दरवर्षी दाखवतो. पण ज्या मुलाला चित्रकार व्हायचंय त्याला आज माणसं काय काढताहेत हे कळायला हवं, आणि ते जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चित्रं लावून बसलेल्यांकडे सुद्धा कळतं. त्यांच्याशी बोला. ते बोलतात, आतले बोलतीलच असं नाही.

शून्य_प्रतिसाद
मास्तर, एक प्रामाणिक प्रश्न. एनजीएमएला नुसत्या पिवळ्या रंगाचा मोठा कॅनव्हास बघितला होता. हा तर माझा पुतण्याही काढेल. आणि हुसेनचं चित्र गेल्या वर्षी न्यूयॉर्कला ११८ कोटींना गेलं म्हणे. नेमकं काय विकतात?

चित्रकलामास्तर
मार्च २०२५ ला. कोटींचं मला विचारू नका, मी सातव्या वेतन आयोगातला माणूस आहे.

पुतण्याबद्दल. तुमचा पिवळा कॅनव्हास बहुधा चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रं करायचे. रोलर आणि नाइफने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, पुन्हा चढवायचे. लांबून एकच रंग, जवळ गेलं की खालचे थर वर येतात. पुतण्याला एका पिवळ्यावर महिनाभर बसवून बघा. बसला तर माझ्याकडे पाठवा.

सडा_आणि_कातळ
आणि नाही बसला तर चित्र वाईट ठरतं का? महिनाभर कष्ट घेतले म्हणून चांगलं, हे लॉजिक मला पटत नाही. कातळशिल्प कोरणाऱ्याचं नाव नाही, किंमत नाही, तरी लोक उन्हात दोन किलोमीटर चालून बघतात.

चित्रकलामास्तर
कष्ट घेतले म्हणून चांगलं असं नाही, सहज दिसतं ते सहज झालेलं नसतं इतकंच म्हणतोय. बाकी वाद मान्य, इथे मिटणार नाही.

वेंगुर्ल्याचा_वारा
अवांतर: आपल्याकडच्या चित्रकारांचं नाव निघालंच आहे तर प्रभाकर बरवे विसरू नका. जन्म नागावचा, अलिबागजवळच्या. पान, घड्याळ, टाचणी असल्या साध्या वस्तू आणि त्यांच्या भोवतीची मोकळी जागा. एनजीएमएला २०१९ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं होतं. दोनदा गेलो, दुसऱ्यांदा जास्त कळलं.

हापूसखोर
अतिअवांतर: आमच्या आजीच्या खोलीत रविवर्म्याची ती दिवा घेतलेली बाई होती, कॅलेंडरवरची. ती कुठे बघायला मिळेल?

वेंगुर्ल्याचा_वारा
ती रविवर्म्याची नाही हो, आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांची! १८८२ चा जन्म. हाताआड दिवा, बोटांतून उजेड आरपार. मॉडेल म्हणून उभी होती त्यांचीच मुलगी. आणि मास्तर सांगताहेत ते इथे लागू आहे: ते सगळं जलरंगात आहे. मूळ चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये. निम्मा देश ते रविवर्म्याच्या नावावर खपवतो, निदान कोकणातल्यांनी तरी नको.

हापूसखोर
आजीला सांगायला हवं होतं. म्हैसूरला आंबे चालतात का विचारतो.

गिरगावकर_काका
खाण्याचं कुणीच बोललं नाही, आश्चर्य आहे. सीएसएमटीला उतरलात की समोर आरामचा वडापाव. नाटकाला दादरला गेलात तर प्रकाशचं पियूष आणि साबुदाणा वडा. गिरगावात आलात तर पणशीकर. काळा घोड्याला कॅफे पुष्कळ झालेत, कॉफी चांगली, किमती वाचून बसा.

सुरंगी
बाई गं, काय धागा झाला! वाचनखूण साठवली. जाताना रेल्वेच, गाडी नाही. कोकणकन्याने रात्री बसून पहाटे पोचू. मुंबईकडे जायची तिकिटं सहज मिळाली, परतीची वेटिंगवर. मे महिन्यात मुंबईहून कोकणात येणारी गाडी रिकामी मिळेल हे मला वाटलंच कसं कोण जाणे.

फास्टलोकल
आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे मेचं मार्चमध्येच भरलेलं असतं. आता तत्काळ. एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. नाहीतर एसटी आहेच.

सुरंगी
जाऊन आलो! धागा वर काढते, उशीर झाला. आल्या आल्या पाऊस, मग आमरस, मग सगळ्यांचे सर्दी-ताप.

वस्तुसंग्रहालयात दिवस गेला. लघुचित्रांसमोर भाची इतकी पुढे झुकली की रखवालदाराने खाकरून दाखवलं. मुलांच्या संग्रहालयाजवळचं गोरखचिंचेचं झाड मलाच जास्त आवडलं. शुक्रवारी एका ठिकाणी मांडणी बदलत होते, दार बंद. आधी फोन करून जा, वेबसाइटवर विसंबू नका. जहांगीरला चार हॉल बघितले. एका हॉलमध्ये चित्रकार स्वतः बसले होते, सोलापूरकडचे. तिने "हे किती दिवसांत केलं?" विचारलं, त्यांनी खुर्ची ओढून बसवलं आणि ऑइलचे थर वाळायला किती थांबावं लागतं ते सांगत बसले. बाहेर फुटपाथवर एकाने तिचं पेन्सिल पोर्ट्रेट काढलं. तिच्या मते नाक चुकलंय.

खासगी गॅलरीची बेल वाजवली, मालवणी_मिरची. आतल्या मुलीने हसून दार उघडलं आणि किमतींची यादी हातात दिली. मी ती उलटी धरून उभी होते.

भाऊ दाजी लाडला मात्र ती हलेना. मातीची कोळीण काढली, मग विणकर. राणीच्या बागेतले पेंग्विन राहिले ते राहिलेच. शनिवारी गडकरीला नाटक, दोघी हसून हसून दमलो. उकाडा? आमच्यापेक्षा काही वेगळा नाही, फक्त झाडं कमी.

@सडा_आणि_कातळ, देवरुखला पुढच्या रविवारी जातोय. तुम्ही या, दादरहून.

सडा_आणि_कातळ
तिकीट काढतो. वेटिंग आहे.

मालवणी_मिरची
यादी उलटी धरल्यान! बरा केलंस.

शून्य_प्रतिसाद
फोटो नाहीत, वृत्तांत मानण्यात येणार नाही.

सुरंगी
मास्तरांनी फोटो बंद केले होते. स्केचबुक आहे, ते ती देत नाही.

एक विचारायचं राहिलं, मास्तर. तिला आता जे. जे. म्हणजे जे. जे.च हवंय. दहावीनंतर काय करायचं असतं?

चित्रकलामास्तर
घाई नको. बीएफएला, म्हणजे कलेच्या पदवीला, बारावी लागते, कुठल्याही शाखेची, आणि राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी सीईटी द्यावी लागते. त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञानाचा पेपर. जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, त्यामुळे त्या वर्षीचं प्रवेशाचं पत्रक त्यांच्याकडूनच बघून घ्या. मुंबईचा खर्च झेपत नसेल तर चिपळूणजवळ सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, देवरुखला कला महाविद्यालय आहे. रविवारी तिकडे जाताच आहात तर आत डोकावून या, सुट्टी असली तरी कुणीतरी काम करत बसलेलं असतं.

आणि ते स्मरणचित्र रोज एक. बाजारातली माणसं काढायला लावा, एसटी स्टँडवरची. नाक चुकलं तरी चालेल.